आधी मोजायचं कसं ते ठरवा, मग टेबल करा

स्टॉकचा डेटाबेस पहिल्यांदाच करायला बसलेला माणूस अर्ध्या तासात एक टेबल करून मोकळा होतो. वस्तूचं नाव, दर, शिल्लक. तीन कॉलम, काम झालं. मग तो खरा माल भरायला घेतो आणि दहा-बारा ओळींतच अडखळतो.

सायकली विकणारं आणि दुरुस्त करणारं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. उदाहरण मुद्दाम हेच घेतलंय, कारण एवढ्याशा जागेत मालाचे सगळे तऱ्हेवाईक नमुने सापडतात. नवी सायकल आहे, तिच्या फ्रेमवर नंबर कोरलेला आहे. ब्रेकच्या तारेवरचं आवरण आहे, ते रिळावरून कापून द्यायचं असतं. ट्यूबलेस टायरमध्ये घालायचं, भोक बुजवणारं सीलंट आहे, ते पडून पडून निकामी होतं. पंक्चरचा संच आहे, म्हणजे खरं तर तीन वेगळ्या वस्तू एका पिशवीत. ग्रीस आहे, ते विकायचं नाही, वापरायचं. वाकडं चाक सरळ करून द्यायची मजुरी आहे, ती बिलात येते पण फळीवर कधीच नसते. आणि कोपऱ्यात चार सायकली उभ्या आहेत, त्या दुकानाच्या नाहीतच. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकल्यात.

तुमचा धंदा वेगळा असेल, पण या सात जणांचे भाऊबंद तुमच्याकडेही असणारच.

पायरी १: कागद-पेन घेऊन फळ्यांपुढे उभे राहा

संगणक बंदच राहू द्या. मालाचे प्रकार पाडायचे म्हटलं की आपण लगेच ‘टायर’, ‘ट्यूब’, ‘सीट’, ‘दिवे’ असे गट करायला लागतो. गिऱ्हाइकाला दाखवायच्या यादीला ते ठीक आहेत. डेटाबेसला त्यांचा फारसा उपयोग नाही. टायर आणि सीट डेटाबेसच्या दृष्टीने एकाच जातीचे: दोन्ही नगावर मोजायचे, एक नग गेला की एक कमी. उलट सीलंटची बाटली आणि ग्रीसचा डबा शेजारी-शेजारी असले तरी त्यांची जात वेगळी.

म्हणून प्रत्येक वस्तूला पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून काढा.

हे मोजायचं कशात: नग, लांबी, वजन की आकारमान?
एक नग दुसऱ्याच्या जागी दिला तर चालतो, की प्रत्येकाची ओळख वेगळी ठेवायला हवी?
याला शेवटची तारीख आहे का?
हे विकतो, की आपणच वापरून संपवतो?
हे आपलं आहे का?

पाचवा प्रश्न सगळ्यांत जास्त वगळला जातो आणि वर्षअखेरीच्या मोजणीत सगळ्यांत जास्त गोंधळ तोच घालतो. दुरुस्तीला आलेली सायकल चुकून आपल्या स्टॉकात मोजली गेली की मालाची किंमत फुगते. मोजलीच नाही तर ती कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

शंभर वस्तूंची उत्तरं लिहून झाली की त्यांच्या पाच-सहाच तऱ्हा होतात असं दिसेल: साधा नगाचा माल, मापाचा माल, नंबरचा माल (प्रत्येक नगाची ओळख वेगळी), बॅचचा माल (एका खेपेत बनलेला, एकच शेवटची तारीख असलेला), संच आणि सेवा. ‘विकायचा की वापरायचा’ आणि ‘कुणाचा’ हे वेगळे प्रकार नव्हेत, कोणत्याही प्रकाराला लागू शकणारी लेबलं आहेत. हा फरक आत्ता कागदावर पक्का करा. नंतर टेबलात तो दुरुस्त करणं महाग पडतं.

पायरी २: सगळ्यांना समान ते एका टेबलात

पहिलं टेबल ‘वस्तू’. त्यात फक्त एवढंच, जे प्रत्येक वस्तूला असतंच: कोड, नाव, प्रकार, मूळ एकक (वस्तू ज्यात मोजायची ते), विकायची की वापरायची, आणि चालू आहे की बंद. शेवटचा कॉलम विसरू नका. बंद झालेली वस्तू पुसायची नसते. तिच्या जुन्या नोंदी तिच्याकडे बोट दाखवत असतात. तिला फक्त ‘बंद’ करायचं.

कोडात अर्थ भरू नका. हा मोह मलाही आवरला नव्हता. पहिल्या दोन अक्षरांत गट, पुढच्या दोनांत पुरवठादार, मग साइज, असा देखणा कोड मी एकदा बांधला होता. सहा महिन्यांत पुरवठादार बदलला आणि निम्मे कोड खोटं बोलायला लागले. बदलावेत तर जुन्या पावत्या जुळेनात, ठेवावेत तर नवा माणूस फसतो. तेव्हापासून माझ्याकडे कोड म्हणजे नुसता अनुक्रमांक. पुरवठादार आणि साइज यांना त्यांचे स्वतःचे कॉलम आहेत.

बारकोड हाही वस्तूचा कोड नव्हे. एकाच ट्यूबच्या सुट्या पाकिटावर एक बारकोड असतो आणि पन्नासच्या खोक्यावर दुसरा. म्हणून बारकोडचं वेगळं छोटं टेबल करा: बारकोड, वस्तूचा कोड, आणि या बारकोडात मूळ एकक किती. खोकं स्कॅन केलं की पन्नास नग आत येतात, हिशोब डोक्यात करावा लागत नाही.

बारकोड, सिरीयल नंबर, फ्रेम नंबर हे दिसायला आकडे असले तरी कॉलम कायम मजकुराचा ठेवा. त्यांची बेरीज कुणी करणार नसतं. यूपीसी हा बारकोडचा १२ अंकी प्रकार १३ अंकी पद्धतीत लिहिताना पुढे शून्य लागतं. कॉलम आकड्याचा असेल तर ते शून्य गळून पडतं. यादी एक्सेलमधून आणणार असाल तर आणखी जपून. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, सोळाव्यापासून पुढे शून्यं बसवतं. ‘३-११’ असं काही लिहिलं की त्याची तारीख करून टाकतं. हा त्रास एवढा जुना आहे की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबर महिन्यांच्या तारखा समजत होतं. शास्त्रज्ञांनी हार मानली तिथे आपण कोण? आयात करण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा.

पायरी ३: जे फक्त काहींनाच असतं त्याचं काय?

टायरला व्यास आणि रुंदी असते. दिव्याला ती नसते, त्याला बॅटरी असते. हे कुठे लिहायचं? तीन वाटा आहेत.

पहिली: ‘वस्तू’ टेबलातच सगळे कॉलम वाढवत जायचे. व्यास, रुंदी, बॅटरी, दात किती, लांबी किती. बहुतेक खाने रिकामे राहतात. जाणकार याला नाकं मुरडतात, पण तुमच्याकडे असे जास्तीचे सात-आठच कॉलम होणार असतील तर खुशाल करा. चालतं.

दुसरी: प्रत्येक जातीचं जोड टेबल. ‘टायर तपशील’ टेबलात वस्तूचा कोड, व्यास, रुंदी. कोड तोच, एका वस्तूला एकच ओळ. टायर नसलेल्या वस्तूला इथे ओळच नाही, म्हणून रिकामा खाना नाही, आणि ‘टायर असेल तर व्यास भरलाच पाहिजे’ अशी सक्तीही करता येते. माझा कल इकडे.

तिसरी: वस्तूचा कोड, गुणाचं नाव, गुणाची किंमत असं तीन कॉलमांचं टेबल, ज्यात काहीही कोंबता येतं. नवख्यांना ही युक्ती फार आवडते. महिन्याभराने एकाने ‘रुंदी’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘रूंदी’, तिसऱ्याने ‘विड्थ’, आणि शोधून काही सापडत नाही. मोकळेपणा हवाच असेल तर हल्ली बरा मार्ग म्हणजे जेसॉनचा एक कॉलम, म्हणजे गुणांची नावं आणि किमती एकाच खान्यात ठरलेल्या पद्धतीने लिहिणं. पोस्टग्रेस्क्यूएल आणि मायएस्क्यूएल या दोन डेटाबेस प्रोग्रामांत ही सोय आहे: पहिल्यात ‘जेसॉनबी’ या नावाने २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून, दुसऱ्यात २०१५ च्या ५.७ पासून. पण ज्यावरून रोज शोधायचं आहे ते त्यात टाकू नका.

आणि गुण लिहिताना बाजारातलं नाव लिहायचं की माप, हेही ठरवा. टायरचंच बघा. माउंटन बाइकचं ‘२९ इंची’ आणि रस्त्यावरच्या सायकलचं ‘७०० सी’ ही दोन वेगळी नावं, पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास दोन्हींचा ६२२ मिलिमीटर. ‘२७ इंची’ या जुन्या साइजचा व्यास ६३०, म्हणजे २९ पेक्षा मोठा! ‘२७.५’ चा मात्र ५८४. फक्त इंचाचा कॉलम ठेवलेल्या डेटाबेसला ‘या रिमवर कोणते टायर बसतील’ असं विचारलं तर तो आत्मविश्वासाने चूक उत्तर देईल. मिलिमीटरमधल्या या व्यासाचा कॉलम ठेवा, रुंदीचा वेगळा ठेवा, आणि बाजारातलं नाव गिऱ्हाइकाला दाखवायला बाजूला राहू द्या. तुमच्या धंद्यातही असा एखादा फसवा साइज असतोच. तो शोधून काढा.

पायरी ४: शिल्लक लिहायची नाही, काढायची

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

सुरुवातीच्या तीन कॉलमांच्या टेबलातला ‘शिल्लक’ कॉलम पुसून टाका. त्याऐवजी ‘हालचाल’ नावाचं टेबल करा: तारीख, वस्तू, जागा, किती (आत आलं तर अधिक, बाहेर गेलं तर उणे), कारण, कुणी नोंदलं. शिल्लक म्हणजे या ओळींची बेरीज. लुका पाचोली याने १४९४ मध्ये जमाखर्चाची दुहेरी नोंद छापून लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून हिशोबनीस हेच करत आले आहेत: आकडा खोडायचा नाही, नवी नोंद करायची.

तारेवरच्या आवरणाचं एक रीळ जवळून बघू. मूळ एकक मिलिमीटर.

खरेदी: +३०,०००
विक्री: −१,३००
दुरुस्तीत वापर: −६५०
विक्री: −१,३००
बेरीज: २६,७५०

महिनाअखेरीला रीळ उलगडून मोजलं तर भरलं २६,५००. नवखा माणूस इथे शिल्लक बदलून मोकळा होतो आणि २५० मिलिमीटर कुठे गेले ते कायमचं हरवतं. तुम्ही आणखी एक ओळ घाला: ‘मोजणीतला फरक: −२५०’. चार महिने असाच फरक पडत राहिला की कळतं, प्रत्येक कापाला टोक नीट करताना थोडं वाया जातंय. तेवढं गृहीत धरून मागवायचं. हे शहाणपण शिल्लकेच्या एकट्या आकड्यातून कधीच मिळालं नसतं.

चूक झाली तरी हाच नियम. दहाऐवजी शंभर नोंदले? ती ओळ पुसू नका. उणे शंभरची उलट नोंद करा, मग दहाची बरोबर.

मीटर न घेता मिलिमीटर का, असं वाटलं असेल. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ठेवतो, त्यामुळे अपूर्णांकांसाठीच्या फ्लोट जातीच्या कॉलमात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येते. हजार नोंदींनंतर शिल्लक शून्य असायला हवी तिथे नसते. लहान एकक घेऊन पूर्णांक ठेवले की कटकट मिटते. पोस्टग्रेस्क्यूएल आणि मायएस्क्यूएलमध्ये दशांशाची अचूक जात मिळते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ती नाही, तिथे पूर्णांकच बरे.

खरेदीचा दरसुद्धा याच टेबलात, खरेदीच्या ओळीवर. वस्तूवर दर लिहिला की नव्या दराने जुना पुसला जातो, आणि शिल्लक मालाची किंमत काढताना हात रिकामे राहतात. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २ ‘आधी आलेला आधी गेला’ किंवा भारित सरासरी या पद्धती मान्य करतं, ‘शेवटी आलेला आधी गेला’ मान्य करत नाही. कोणतीही पद्धत घ्या, ओळीवर दर असेल तरच गणित होतं.

पायरी ५: हट्टी माल

नंबरचा माल सोपा वाटतो पण शिस्त मागतो. ‘नग’ नावाचं टेबल करा, त्यात एका सायकलला एक ओळ: फ्रेम नंबर, बनवणारा, वस्तूचा कोड. हालचालीच्या ओळीत त्या नगाकडे बोट हवं आणि संख्या फक्त अधिक एक किंवा उणे एक. फ्रेम नंबर आणि बनवणारा मिळून वेगळेपण तपासा. दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर जुळू शकतात.

बॅचचा माल त्याचाच चुलतभाऊ. बॅच क्रमांक, शेवटची तारीख आणि वस्तू यांचं टेबल. हालचाल बॅचकडे बोट दाखवते. इथे ‘आधी आलेला आधी’ हा नियम पुरत नाही, कारण उशिरा आलेल्या खोक्यावरची तारीख आधीची असू शकते. विकताना यादी शेवटच्या तारखेनुसार लावून दाखवा.

मापाच्या मालाला एक खोच आहे. तीनशे-तीनशे मिलिमीटरचे चार तुकडे मिळून बाराशे होतात, पण गिऱ्हाइकाला बाराशेचा सलग तुकडा हवा असतो. स्वस्त मालात हे सोडून द्या, तुकडे ‘वाया’ म्हणून नोंदवा. महाग मालात प्रत्येक रिळाला बॅचसारखी स्वतःची ओळ द्या, म्हणजे सलग किती उरलंय ते दिसेल.

संचाची शिल्लक कधीच नोंदवायची नाही, निदान तो मागणीनंतर भरला जात असेल तर. संचात काय-काय आणि किती, एवढंच टेबल ठेवा. पंक्चरच्या संचात टायर काढायचे २ लिव्हर, ६ पॅच, १ चिकटद्रव्याची ट्यूब. फळीवर ४० लिव्हर, ९० पॅच, १२ ट्यूब. लिव्हरवरून २० संच होतात, पॅचवरून १५, ट्यूबवरून १२. म्हणजे संच १२. मात्र आधीच पिशव्या भरून ठेवत असाल तर तो तयार माल झाला: पिशवी भरताना तीन उणे ओळी आणि संचाची एक अधिक ओळ.

सेवेला हालचाल नाही. ‘वस्तू’त ओळ ठेवा म्हणजे बिलात येईल, बास.

आणि परका माल? नगाच्या ओळीवर ‘मालक’ कॉलम. आपण की गिऱ्हाईक, की विकला गेल्यावरच पैसे द्यायच्या बोलीवर माल ठेवून गेलेला पुरवठादार. मालाची किंमत काढणारा प्रत्येक अहवाल मालक ‘आपण’ असलेल्या ओळींवरच चालला पाहिजे. ‘कुठे काय आहे’ हा अहवाल सगळ्यांवर.

पायरी ६: कुलपं

चुकीची नोंद आतच येऊ नये हे माणसाच्या लक्षावर सोपवू नका. डेटाबेसमध्येच अटी घालता येतात: नसलेल्या वस्तूची हालचाल नोंदता येऊ नये म्हणून फॉरेन की, एकाच कंपनीचा तोच फ्रेम नंबर दोनदा येऊ नये म्हणून युनिक, शून्य संख्येची ओळ नको म्हणून चेक. ‘कारण’ हा कॉलमही मोकळा सोडू नका, ठरलेल्या आठ-दहा कारणांच्या टेबलातूनच निवडू द्या.

दोन खड्डे मात्र सांगून ठेवतो. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रोग्राम डेटाबेसला जोडला जातो तेव्हा दर वेळी ती मुद्दाम चालू करावी लागते. मायएस्क्यूएलच्या ८.०.१६ आधीच्या आवृत्त्या चेकची अट मुकाट्याने वाचायच्या आणि सोडून द्यायच्या. कुलूप लावलं म्हणून निवांत राहू नका, चुकीची ओळ घालून बघा, नाकारली जाते का ते.

कोणता डेटाबेस घ्यावा, यावर फार वेळ घालवू नये. एकच संगणक असेल तर एसक्यूलाइट पुरतो, चार जण एकाच वेळी नोंदवणार असतील तर पोस्टग्रेस्क्यूएल किंवा मायएस्क्यूएल. मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस आधीपासून असेल तर तोही चालेल. त्याची फाइल २ जीबीपर्यंतच वाढते, पण छोट्या धंद्याच्या नोंदी तिथवर पोचत नाहीत. फोटो मात्र त्यात साठवू नका.

पायरी ७: सुरुवात एका फळीपासून

सगळा माल एका रात्रीत भरायला जाऊ नका. एक फळी घ्या, मोजा, आणि त्या दिवसाच्या तारखेची ‘सुरुवातीची शिल्लक’ या कारणाची एक-एक ओळ घाला. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, २०२५-०३-०४. नाहीतर चार मार्च की तीन एप्रिल यावर वाद होतो. जुना इतिहास वह्यांमधून उकरून भरण्याची हौस टाळा, त्यातल्या चुकाही सोबत येतात. ती फळी आठवडाभर जुळली की पुढची घ्या.

कुठल्याच प्रकारात बसत नाही अशी एखादी वस्तू निघेलच. नवा प्रकार काढण्याआधी पहिल्या पायरीतले पाच प्रश्न तिला पुन्हा विचारा; बहुतेक वेळा ती आधीच्याच एखाद्या प्रकारात बसते, फक्त मूळ एकक चुकीचं निवडलेलं असतं.

रोजची प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि डेटाबेसने स्वतः दिलेल्या बॅकअपच्या सोयीनेच काढा. चालू असलेली फाइल नुसती कॉपी केली तर प्रत अर्धवट निघू शकते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

पहिले काही आठवडे रोज दुकान बंद करण्याआधी कोणत्याही पाच वस्तू मोजा आणि बेरजेशी ताडून पाहा. फरक निघाला तर त्या वस्तूच्या शेवटच्या दहा हालचाली वाचा. माझ्या अनुभवात दोषी बहुधा एकच असतो: दुरुस्ती करणाऱ्याने फळीवरून काढून लावलेला आणि नोंदायचा राहिलेला भाग. हात ग्रीसने माखलेले असताना कीबोर्डला कोण हात लावणार? त्याच्या बाकाशेजारी एक पाटी टांगा, खडू बांधून ठेवा. संध्याकाळी पाटीवरच्या ओळी डेटाबेसात चढवायच्या, आणि मगच पाटी पुसायची.